ओळ कुठं मोडते

गेल्या दिवाळीत चार दिवसांत माझ्या फोनवर तीन कवितासंग्रह आले. तिन्ही बायकांचे, तिन्ही फुकट. पहिल्याच्या प्रत्येक पानामागे गुलाब होता आणि गुलाबावर पांढऱ्या अक्षरात कविता. दुसऱ्यात मावळता सूर्य. तिसऱ्यात चित्र नव्हतं, म्हणून आशेनं उघडला, तर सगळ्या कविता पानाच्या मधोमध लावलेल्या, लग्नपत्रिकेसारख्या. वाचायला गेले की अक्षर बारीक, मोठं करायला गेले की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर. डावीकडून उजवीकडे बोट सरकवत एक कविता वाचली आणि शेवटाला आल्यावर सुरुवात विसरले. कविता वाईट होती असं नाही. ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

मैत्रिणींनो, मी पुस्तकांवर लिहिते तेव्हा बहुतेक वेळा आतल्या मजकुरावर लिहिते. छपाई, कागद, बांधणी यावर शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य टाकायचं, ही आपली रीत. या खेपेला मला उलटं करावंसं वाटतं, कारण मधल्या वर्षात आमच्या घरातच एक कवितासंग्रह तयार झाला. तोही फोनवर वाचायचा, फुकटच्या साधनांवर केलेला. त्यात एका शब्दावरून घरातली माणसं आठ महिने एकमेकांशी नीट बोलत नव्हती.

पण आधी बहिणाबाई.

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढं त्या गाणी रचत आणि सोपानदेव व घरातली माणसं ती कागदावर उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. मग मुलानं ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. एक गोष्ट मात्र माझ्या आत्ता, पन्नाशी उलटल्यावर, ध्यानात आली. बहिणाबाईंच्या कवितेतली ओळ कुठं संपते हे बहिणाबाईंनी कधी पाहिलेलं नाही. कागदावरची ओळ ही लिहून घेणाऱ्याची ओळ आहे. ओवीची चाल होती म्हणून ती बऱ्यापैकी आपोआप पडली असेल, पण 'पडली' आणि 'पाडली' यात फरक आहे.

बहिणाबाई हयात असताना ती गाणी पुस्तकरूपानं आली नव्हती. आपल्या कायद्यात अशा मरणोत्तर प्रकाशित पुस्तकाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो. (आधी पन्नास होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली.) म्हणजे १९५२ च्या पुस्तकातल्या कविता २०१३ पासून सगळ्यांच्या झाल्या. गंमत बघा, अत्रे १९६९ ला गेले, त्यामुळं त्यांची प्रस्तावना २०२९ संपेपर्यंत राखीव. कविता मोकळी आणि तिची ओळख करून देणारा मजकूर अजून कुलपात.

कविता मोकळी झाली, हे चांगलंच झालं. पण मोकळ्या झालेल्या बहिणाबाई इंटरनेटवर कशा फिरतात ते एकदा बघा. कुणी त्यांची लेवा-खान्देशी बोली 'शुद्ध' करून टाकलेली असते. कुणी एक कडवंच गाळलेलं असतं. कुणी सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंचं चित्र वर लावून खाली या बहिणाबाईंची कविता दिलेली असते. दोघींच्यात अडीचशे वर्षांचं अंतर! आणि ओळी तर ज्याच्या फोनला जशा मानवल्या तशा. ही कुणाची लबाडी नाही, प्रेमानंच केलेलं असतं. पण ज्या बाईच्या हातात लेखणी नव्हती तिच्या शब्दांची राखण दुसऱ्यांनीच करायची असते, आणि ती राखण पुस्तक फुकट झालं की जास्त करावी लागते.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझ्या सासूबाई, सगळे त्यांना अक्का म्हणत, निपाणीकडच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. घरात मराठी, शेजारात कानडी, देवळात प्राकृत-संस्कृत आणि शेवटची वीस वर्षं इथं तारनाक्याला भाजीवाल्याशी मोडकं तेलुगू. त्या गेल्यावर ट्रंकेत, सोवळ्याच्या धोतरांखाली, एक दोनशे पानी वही सापडली. शहाऐंशी कविता. त्यांना मी रोज बघत होते आणि मला पत्ता नव्हता. वही दहा वर्षं माझ्याच कपाटात राहिली, हे कबूल करायला हवं.

ती बाहेर काढली माझ्या भाचीनं, नणंदेच्या मुलीनं. ती आमच्याकडे राहते आणि मेट्रोनं रोज हायटेक सिटीला जाते. म्हणाली, "मामी, हे आपण पुस्तक करू. एक पैसा लागणार नाही." मला वाटलं, पुन्हा गुलाब. पण तिनं जी साधनं काढली ती वेगळीच निघाली. मुक्त-स्रोत म्हणतात त्यांना, म्हणजे ज्यांची आतली रचना कुणालाही पाहता येते, बदलता येते, वाटता येते. समजावताना तिनं पाककृतीचं उदाहरण दिलंच. बायकांना काही समजवायचं म्हटलं की सगळे आधी स्वयंपाकघरात शिरतात. असो. लिबरऑफिसमध्ये मी वही टाइप केली. पुस्तकाचा साचा तिनं पॅनडॉकमधून काढला. ते एका तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं केलेलं आहे, हे कळल्यावर माझी त्याच्याशी जरा जवळीक झाली. पुस्तक तपासायला कॅलिबर. ते कोविद गोयल या भारतीय माणसानं २००६ मध्ये सुरू केलं. अक्षर म्हणून मुंबईच्या 'एक टाइप'चं 'मुक्ता', तेही कुणीही वापरावं अशा परवान्याचं. तेलुगूत तर पोतना आणि वेमना या कवींच्या नावाचे फुकट फॉन्ट आहेत, हे मला इथं राहून तीस वर्षांनी कळलं. कवीचं नाव अक्षराला देण्याची कल्पना मला फार आवडली. मराठीत मुक्ताबाईंपर्यंत आपण आलो, असं आपलं मी समजते.

टाइप करताना पहिला धडा मिळाला तो 'ऱ्य'चा. अक्कांनी 'वाऱ्यावर' लिहिलेलं. कीबोर्डवर तो अर्धा र मला सापडेना, म्हणून 'वार्यावर' असं दडपून दिलं आणि पुढं गेले. भाचीनं विचारलं, "हा कुठला शब्द?" मराठीत आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात केवढा फरक आहे हे आपल्या समाजातल्या बायकांना सांगायला नको. चातुर्मासात दोघांचीही सोय आपल्यालाच बघावी लागते! पण फोनवर फिरणाऱ्या मराठी कवितांत हा अर्धा र सर्रास मारला जातो. दरीच्या दऱ्या होत नाहीत, थेट समुद्राचा दर्या होतो. वर आणखी एक भानगड म्हणजे हे अक्षर दोन पद्धतींनी टाइप करता येतं. दिसायला दोन्ही सारखी, पण यंत्राच्या लेखी वेगळी. म्हणजे एका पद्धतीनं लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं तर सापडत नाही. सबंध वहीभर एकच पद्धत ठेवायला मला पंधरा दिवस लागले.

दुसरं, पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी फाइलमध्ये सांगावी लागते. ती न सांगितली, किंवा हिंदी सांगितली, तर कित्येक फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. आपल्या सरकारनं २००९ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला आहे, पण निर्णय निघून उपयोग काय, पुस्तक करणाऱ्याला ती एक खूण करायची ठाऊक नसेल तर! गुलाबवाल्या तिन्ही पुस्तकांत ल हिंदी होता. आता माझं लक्ष तिथंच जातं, काय करणार.

पण हे सगळं किरकोळ. खरा प्रश्न ओळीचा.

छापील पुस्तकात पानाची रुंदी ठरलेली असते. ओळ लांब असेल तर जुळारी ती दुमडतो आणि दुमडलेला तुकडा थोडा आत सरकवतो, म्हणजे वाचणाराला कळतं की ही नवी ओळ नव्हे, वरचीच आहे. फोनच्या पुस्तकाला, ज्याला ईपब म्हणतात, रुंदी नसतेच. वाचणारा अक्षर मोठं करील तशी ओळ दुमडत जाते. माझ्या वयाच्या बाईला अक्षर मोठं करता येणं ही केवढी सोय! पण ही सोय गद्याला सोसते, कवितेला सोसेलच असं नाही. त्यावर उपाय आहे. दुमडलेला तुकडा आपोआप आत सरकेल अशी आज्ञा पुस्तकात लिहून ठेवता येते. दोन ओळींची आज्ञा. ती बहुतेक कुणी लिहीत नाही. कविता मधोमध लावली की तर प्रश्नच मिटतो, कारण मग आत काय नि बाहेर काय, काहीच कळत नाही. म्हणून मधोमध लावलेल्या कवितेवर माझा राग आहे. ते सजावटीचं कारण नव्हे. त्यानं अर्थ पुसला जातो.

पॅनडॉकमध्ये कवितेच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक उभी रेघ द्यायची असते. आपल्या पोथ्यांत दंड ओळीच्या शेवटी येतो, इथं तो आधी. रेघ दिली की यंत्र ती ओळ ओळ म्हणून सांभाळतं. म्हणजे टाइप करणाऱ्या बाईला प्रत्येक वेळी ठरवावंच लागतं की इथं नवी ओळ आहे का. हातानं उतरवून घेताना हे न ठरवता भागतं, जसं दिसलं तसं लिहिलं. यंत्र तसं सोडत नाही.

त्रेपन्नाव्या कवितेत मी अडकले. अक्कांच्या वहीत असं आहे: एका ओळीत 'तुमच्या घरात उपाशी राहिले', आणि खाली 'न्हाई सांगितलं कुणाला'. अक्का विरामचिन्हं वापरत नसत. वहीचं पान अरुंद, समास मोठा. आता 'न्हाई' कुठला? तो वरच्या ओळीचा असेल आणि जागा संपली म्हणून खाली आला असेल, तर ती म्हणते, तुमच्या घरात उपाशी राहिले न्हाई. तसं सांगितलं कुणाला? आणि खालचाच असेल, तर ती उपाशी राहिली आणि कुणाला सांगितलं नाही.

उभी रेघ 'न्हाई'च्या आधी द्यायची की नंतर?

घरात मी हे विचारायला नको होतं, असं मला मध्यंतरी वाटत होतं. पण विचारणं भागच होतं. अक्कांच्या कवितांचा हक्क चार भावंडांचा, आणि आत्ता प्रकाशित केल्या तर तो आणखी साठ वर्षं चालणार. चौघांची संमती हवी. थोरले भाऊजी निपाणीहून फोनवर म्हणाले, "आईला आमच्या घरात कधी उपाशी ठेवलं नाही. उपास तिनं केले, ते पुण्यासाठी. लोकांच्या हातात हे कशाला?" नणंद गप्प राहिली. माझे यजमान म्हणाले, ती कविताच गाळ. शहाऐंशीतली एक गेली तर कोण मोजतंय! आणि एका नातेवाईक बाईंनी, ज्या स्वतः कविता करतात, सुचवलं की 'न्हाई', 'व्हय', 'कशापायी' हे सगळंच प्रमाण मराठीत आणू, म्हणजे वाचणाऱ्यांना बरं. बहिणाबाईंच्या बाबतीत दुरून वाचलेलं सगळं माझ्या बैठकीत येऊन बसलं.

तेव्हा मी समीक्षक झाले. इलाज नव्हता. सबंध वही पुन्हा काढली आणि जिथं जिथं जागा संपल्यामुळं अक्कांचा शब्द खाली गेला आहे ती ठिकाणं शोधली. अर्थावरून निःसंशय सांगता येतील अशी एकोणीस सापडली. त्यातल्या सतरांत त्यांनी खाली आलेला शब्द बोटभर आत लिहिला आहे. कुणी शिकवलं असेल त्यांना? बहुधा देवळातल्या छापील पूजेच्या पुस्तकात बघितलं असेल. दोन ठिकाणी मात्र तो समासालाच चिकटून आहे. आणि त्रेपन्नाव्या कवितेतला 'न्हाई' समासाला चिकटून आहे.

एकोणिसातले सतरा. माझं मत झालं की ती खालचीच ओळ आहे. अक्का उपाशी राहिल्या होत्या, निदान त्या कवितेतली बाई राहिली होती. पण दोन ठिकाणं विरुद्ध आहेत, हेही मी विसरू शकत नाही. संपादकानं शंका असेल तर ती झाकू नये. मराठी विकिस्रोतावर जुनी पुस्तकं चढवतात त्यांची पद्धत मी भाचीकडून शिकले. छापील पानाचं छायाचित्र एका बाजूला, टाइप केलेला मजकूर दुसऱ्या बाजूला. एकानं तपासलं की पान पिवळं, दुसऱ्या कुणी पुन्हा तपासलं की हिरवं. एकट्याच्या नजरेवर पान हिरवं होत नाही. आम्ही तेच केलं. त्रेपन्नाव्या कवितेशेजारी वहीच्या पानाचा फोटो लावला आणि खाली दोन वाक्यांची टीप.

परवान्यावरूनही थोडं झालं. भाचीचं म्हणणं, क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना देऊ की कुणीही वाटावं, पुढं काही करायचं तर तेही याच अटीवर, फक्त नाव द्यावं. धाकट्या दिरांना भीती की कुणीतरी नाव काढून आपलं म्हणून फिरवील. फिरवीलच, आणि ते कुलूप लावूनही फिरवतात. मला आठवली ती दानचिंतामणी अत्तिमब्बे. दहाव्या शतकात तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार ताडपत्री प्रती करवून वाटल्या. तेव्हा एक प्रत म्हणजे एका माणसाची किती दिवसांची मान आणि बोटं! शास्त्रदान आपण श्रुतपंचमीला अजून करतो, पण दिलेल्या पोथीत लेखनिकानं काय गाळलं हे कुणी बघत नाही. प्रत वाढली की चूकही त्याच हिशेबानं वाढते, हे अत्तिमब्बेच्या लेखनिकांना ठाऊक असणार. आमची प्रत तर एका बोटानं हजारांना जाते.

आता पुस्तक म्हणून या पुस्तकाचं काय, हे मीच केलेलं असल्यामुळं मी सांगायला नको, पण दोष सांगू शकते. शहाऐंशी कविता जास्त झाल्या. वीसेक नुसत्या स्तवनाच्या चालीवरच्या आहेत आणि एकीला दुसरी झाकते. मला गाळवल्या नाहीत, कारण एक गाळायला नको म्हणून भांडल्यावर वीस कुठल्या तोंडानं गाळू? कानडी शब्दांचे अर्थ शेवटी दिले, ते दर वेळी पुस्तकाच्या टोकाला जाऊन बघावे लागतात. फोनवर हे फार त्रासाचं आहे. आणि जुन्या फोनमध्ये आमची ती आत सरकवायची आज्ञा चालतच नाही, तिथं सगळ्या ओळी समासालाच येतात. भाचीनं पुष्कळ डोकं लावलं. शेवटी तशा फोनसाठी वेगळी पीडीएफ केली, ठरलेल्या रुंदीची, लहान पानाची. म्हणजे ज्या पीडीएफला मी नावं ठेवली तिच्याकडेच परत आलो, फक्त पान हातात मावेल एवढं करून.

इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासाठी आणि आमच्या महिला मंडळातल्या फोन न वापरणाऱ्या बायकांसाठी वीस प्रती साध्या छापून, शिवून घेतल्या. त्यांना पैसे लागले. फुकट काही होत नाही, हे मी भाचीला ऐकवलं.

भाऊजींची संमती राहिली होती. त्यांच्याशिवाय पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं, तिघांचा होकार आला होता तरी. आठ महिने गेले. पर्युषण संपल्यावर क्षमावणीला त्यांचा फोन आला. रीतीप्रमाणे बोलणं झालं, मग जरा थांबून म्हणाले, "तू पाठवलेला वहीचा फोटो बघितला. आई वाढायला बसायची तेव्हा पातेलं आमच्याकडं तिरकं करून धरायची, आत काय उरलंय ते दिसू नये म्हणून. मी लहान होतो, मला वाटायचं सांडू नये म्हणून धरते."

मी काही बोलले नाही.

"तो न्हाई तू खालीच ठेवलास ना?"

"हो भाऊजी. समासाला."

"ठेव," म्हणाले. मग आपल्या फोनवर अक्षर मोठं कसं करायचं ते विचारलं. भाचीनं त्यांना सांगितलं. मोठं केल्यावर ओळ कुठं मोडते ते मी विचारलं नाही.